चौदा शाईत, पाच पेन्सिलीत

त्यांच्या वहीत चौदा सोंडा शाईनं लिहिलेल्या होत्या आणि पाच पेन्सिलीनं.

सोंड म्हणजे समुद्रावरच्या ढगातून खाली उतरून पाण्याला टेकणारी वावटळ. पुस्तकात तिला जलस्तंभ म्हणतात. ते सोंडच म्हणायचे. ढगाच्या पोटातून राखाडी नळकांडं लोंबायला लागतं, खाली पाणी घुसळून धुरासारखं उडतं, आणि पाच-दहा मिनिटांत सगळं विरून जातं. मुंबईत जन्म काढलेल्या बहुतेकांनी ते कधी पाहिलेलं नसतं, कारण समुद्राकडे बघत उभं राहायला इथे कुणाला वेळ असतो! त्यांना होता. बत्तीस वर्षांत चौदा.

"चौदाच?" मी एकदा म्हणाले होते.

"चौदा धरलेल्या," ते म्हणाले. "बघितलेल्या विचाराल तर एकोणीस. ऐकलेल्या विचाराल तर ट्रामच्या थांब्यावर जाऊन उभ्या राहा, शंभर होतील."

मी तेव्हा वीस वर्षांची होते आणि बॅलार्ड पियरजवळच्या एका कंपनीत टायपिस्ट होते. जहाजांतला माल धक्क्यावर उतरवून घ्यायचं काम कंपनी करायची. ते तिथे टॅलीक्लार्क होते, म्हणजे उतरणारा माल मोजणारे. क्रेनची एकेक उचल खाली आली की कागदावर रेघ मारायची, चार उभ्या आणि पाचवी आडवी. दिवसभर उन्हात उभं राहून एवढंच. शेजारी जहाजाचा टॅलीक्लार्क तेच करत उभा असतो. दोघांनी एकमेकांच्या कागदात डोकवायचं नाही. संध्याकाळी दोन्ही कागद शेजारी ठेवायचे, आकडे जुळले की दोघांनी सही करायची. जुळले नाहीत तर माल हलायच्या आत पुन्हा मोजायचा. ही पद्धत त्यांनी शोधली नव्हती, गोदीचीच होती. त्यांनी ती फक्त घरी नेली.

गिरगावातल्या त्यांच्या घरी मी बऱ्याचदा जेवले आहे. जुनं मुंबईकर घराणं, तीन पिढ्या कारकुनी केलेली. त्यांची बायको वाढता वाढता सांगायची, "आमच्या लग्नात ह्यांनी माझ्या भावाला विचारलं, पंगतीला पानं किती? तो म्हणाला, साधारण दीडशे. हे बोहल्यावरनं म्हणाले, साधारण म्हणजे किती?"

"एकशे त्रेचाळीस होती," ते ताटातून मान वर न करता म्हणायचे.

ऑफिसात त्यांना पाठीमागे सोंडवाले म्हणत. तोंडावर कुणी काही म्हणत नसे, कारण ते उत्तर देत आणि उत्तर लांब असे. मला ते 'टायपिस्टबाई' म्हणत. माझं नाव त्यांना ठाऊक होतं, पण नाव फक्त सहीच्या रकान्यासाठी असतं असं त्यांचं मत होतं.

सोंडा मोजायचे त्यांचे कायदे असे. पाण्याला टेकली तर सोंड, नाहीतर ती नुसती लोंबती. लोंबत्यांना वहीत मागचं पान होतं आणि ते पान ते कुणाला दाखवत नसत. एका ढगातून एका वेळी दोन उतरल्या तर दोन. पण एक तुटली आणि तिथेच पुन्हा उतरली तर ती एकच, कारण क्रेनच्या उचलीतून पडलेली पेटी पुन्हा उचलली म्हणून दोन पेट्या होत नाहीत. ह्या कायद्यावर माझं त्यांच्याशी वर्षभर भांडण होतं. आणि सगळ्यात मोठा कायदा दुसऱ्या टॅलीचा. एकट्यानं पाहिलेली सोंड पेन्सिलीत. दुसऱ्या कुणीतरी, त्यांनी काहीही न सुचवता, तीच सोंड तशीच सांगितली तरच शाई.

मी त्यांच्या वहीत आले ती अशी. एका दुपारी बंदराच्या बाजूला ढग उतरला होता. मी ऑफिसच्या गॅलरीत डबा धूत होते. हे सोंडवाले धावत आले, समोर बोट दाखवलं नाही की काही नाही. माझ्या हातात कागद दिला आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

"काय दिसतंय ते लिहा."

"काय लिहू?"

"दिसतं ते. वाटतं ते घरी ठेवा."

मी लिहिलं: काळ्या ढगातून राखाडी दोरी, खालच्या टोकाला पाण्याचा धूर, उभ्या जहाजाच्या डोलकाठीच्या डावीकडे, दोरी मध्येच उजवीकडे वाकली, एकूण सात मिनिटं.

त्यांनी वाचलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "सात मिनिटं? घड्याळ बघितलंत?"

"सुट्टी दीडला संपते," मी म्हणाले. "बघावंच लागतं."

त्यांनी खिशातलं पेन काढलं. ती तेरावी. चौदावीलाही दुसरी सही माझीच आहे. सांगण्याचा मुद्दा एवढाच, की माझा ह्या प्रकरणाशी संबंध होता तो कौतुकामुळे नव्हता. माझं घड्याळ बरोबर होतं म्हणून होता.

दादरला एक निवृत्त मास्तर होते. त्यांनी चाळीसच्या वर सोंडा पाहिल्याचं कुणीतरी सांगितलं, म्हणून एका रविवारी आम्ही गेलो. मास्तरांनी चहा दिला, वर्णनं केली, हात पसरून दाखवलं.

"टेकलेल्या होत्या?" ह्यांनी विचारलं.

"टेकल्याच असणार."

"टेकलेल्या होत्या?"

"अहो, एवढ्या लांबून कसं दिसणार? पण टेकल्याच असणार ना!"

"बरोबर कोण होतं?"

"आमचे कुटुंब होते कधी कधी."

"बोलवा."

कुटुंब स्वयंपाकघरातून म्हणालं, "मी मेलीनं कुठे काय पाहिलंय! हे म्हणाले ते बघ, तर मी हो म्हटलं." परत येताना ह्यांचा चेहरा इतका आनंदी होता की रस्त्यातली दोन माणसं वळून बघायला लागली. चाळीसमधली एकही उरली नव्हती.

ती वर्षं संयुक्त महाराष्ट्राची होती. सभा, मोर्चे, हरताळ. आमच्या भागात कधी काय बंद असेल ह्याचा नेम नव्हता. त्यांच्या वाडीतल्या एका कार्यकर्त्यानं एकदा त्यांना गळ घातली, "काका, तुमचा हात मोजणीत बसलेला. उद्याचा मोर्चा मोजा." ते वाडीच्या तोंडाशी स्टूल टाकून बसले आणि शेवटचा माणूस जाईपर्यंत रेघा मारत राहिले. घोषणा द्यायचीही सोडली नाही. 'झालाच पाहिजे' अगदी खणखणीत, हात मात्र थांबला नाही. संध्याकाळी आकडा बघून कार्यकर्त्याचं तोंड उतरलं.

"काका, आम्ही ह्याच्या दुप्पट सांगून बसलोय."

"सांगा."

"तुम्ही आमच्या बाजूचे ना?"

"मुंबई महाराष्ट्राचीच. पण माणसं होती तेवढीच होती."

तर आता पेन्सिलीतल्या पाचांविषयी. त्यातल्या तीन एकाच दिवशीच्या, एकाच वेळच्या. पाऊस सरत आला होता आणि हरताळ होता. ट्राम बंद, बसेस बंद, गोदी बंद. हे घरात बसणारे नव्हते. चालत मरीन ड्राइव्हच्या कठड्याशी गेले आणि दुपारी समोरच्या पाण्यावर तीन सोंडा एकदम उतरलेल्या पाहिल्या. तीन! आख्ख्या रस्त्यावर माणूस नाही. एक पोलिसांची गाडी गेली, ह्यांनी हात केला, तर पोलिसानं दंडुका दाखवला. आयुष्यातली सगळ्यात मोठी मोजणी पेन्सिलीत गेली. दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "टायपिस्टबाई, तुम्ही काल कुठे होता?"

"घरी. हरताळ होता."

"हं," ते म्हणाले. मी गुन्हा केल्यासारखं.

त्यानंतर दीडेक महिन्यानं खजुराचं जहाज आलं. बोचकी उतरवायला संध्याकाळ झाली आणि गेटाबाहेर दगडफेक सुरू झाली. जहाजाचा टॅलीक्लार्क कागद जुळवायच्या आधीच पळाला. हे थांबले, पण दुसऱ्या कागदाशिवाय थांबून उपयोग काय? सकाळपर्यंत माल हलला होता. जहाजाच्या कागदावर बाराशे बोचकी, ह्यांच्या कागदावर अकराशे अठ्ठ्याऐंशी. जहाजाचा आकडा खरा, तर बारा बोचकी आमच्या ताब्यातून गेली. ह्यांचा खरा, तर ती जहाजातून आलीच नाहीत.

आमच्या साहेबांना जहाजाच्या एजंटाला दुखवायचं नव्हतं. त्याचं काम मोठं होतं. त्यांनी ह्यांना बोलावून सांगितलं, "बाराशे करा आणि सही करा. संपलं."

"अकराशे अठ्ठ्याऐंशी आहेत."

"मग चौकशी लावावी लागेल."

"लावा."

चुकीच्या मोजणीसाठी काढलेल्या टॅलीक्लार्कला गोदीत पुन्हा कुणी उभं करत नाही. निवृत्तीला दोन वर्षं होती. त्यांच्या बायकोनं मला जिन्यात गाठून विचारलं, "बारा बोचक्यांसाठी नोकरी घालवणार का गं हे?" मी खरं ते सांगितलं, की घालवतील.

चौकशीला तिघं बसले. साहेब, एजंट आणि हे. टाइप करायला मी. एजंट म्हणजे म्हातारे पारशी गृहस्थ, चाळीस वर्षं बंदरात काढलेले, मराठी मोडकं पण बेधडक. साहेबांनी ह्यांच्या टेबलाचा खण उघडून सोंडांची वही मिळवली होती. ती त्यांनी उघडली आणि हसत वाचली.

"ऐका. 'हरताळाचा दिवस. तीन सोंडा, एकाच वेळी. साक्षीदार नाही.' मुंबई बंद, रस्त्यावर कुत्रं नाही, आणि ह्यांना तीन दिसल्या! ज्या माणसाला हे दिसतं त्याला बारा बोचकी दिसली नाहीत तर नवल काय?"

"साहेब, ती पेन्सिलीत आहे," हे म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे धरलेली नाही."

साहेबांना ते कळलंच नाही. एजंट मात्र पोट धरून हसले. "अरे बाबा, तू एक माणूस आण, ज्यानं ते तीन बघितले. मग मी तुझं बोचकं पण मानेल!"

ते थट्टेत म्हणाले. मी टाइप केलं. चौकशीत बोललेलं सगळं टाइप करायचं असा साहेबांचाच हुकूम होता. संध्याकाळी कागद सहीला फिरला आणि एजंटांनी न वाचता सही केली, कारण सगळे तसंच करतात. पुढची तारीख आठ दिवसांनी होती.

मी विचार केला तो साधा. हरताळाच्या दुपारी समुद्राकडे तोंड करून बसायला कुणाला कारण होतं? मासे विकणाऱ्यांना नव्हतं, बाजार बंद होता. पण बाजार बंद म्हणजे दोन दिवसांपूर्वी समुद्रात गेलेल्या होड्यांनी आणलेले मासे विकणार कुठे? वाळवणार. आणि वाळत घातलेल्या बोंबलांवर पाऊस आला तर सगळं नासणार. म्हणजे त्या दुपारी कफ परेडच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमार वस्तीतल्या झाडून सगळ्या बायका आभाळ बघत बसलेल्या असणार.

मी ह्यांना सांगितलं. ते उठून उभे राहिले आणि परत बसले. "मी येणार नाही. माझं तोंड बघून कुणी काही बोललं तर ते माझंच होईल. आणि तुम्ही सोंड हा शब्द काढायचा नाही. तीन तर नाहीच नाही."

रविवारी मी गेले. बांबूच्या दांड्यांवर बोंबील लटकत होते आणि एक जाडजूड बाई टोपली कमरेला लावून उभी होती. मी विचारलं, "मावशी, मागे हरताळ झाला, त्या दुपारी तुम्ही इथंच होता?"

"मग कुठं जाऊ? राणीच्या बागेत?" ती म्हणाली. "तू कोन गो? पोलिसाची?"

"नाही. ऑफिसात आहे. त्या दुपारी समुद्रावर काय दिसलं, एवढंच विचारायचंय."

तिनं टोपली खाली ठेवली. "त्या दिवशी? बाय माझे! आमी निम्मे बोंबील काढले, निम्मे टाकून पलालो!" आणि पुढं ती सांगणार, तेवढ्यात मी तिला थांबवलं. आयुष्यात इतकं कठीण काम मी दुसरं केलेलं नाही. म्हटलं, "मला सांगू नका. ऑफिसात येऊन सांगा. एका माणसाच्या नोकरीचा प्रश्न आहे."

"तुझा बाप काय तो?"

"नाही."

"मग तुला काय त्याचं?"

"त्याची मोजणी बरोबर आहे," मी म्हणाले.

तिनं टोपली उचलून पुन्हा कमरेला लावली. मग म्हणाली, "येतंय. पन त्या दिवशी धंद्याची खोटी होईल, म्हावरा तुमच्या ऑफिसात खपवून देशील तर."

चौकशीच्या दिवशी ती आली. एकटी नाही, शेजारच्या दोघींना घेऊन, तिघींच्या डोक्यावर टोपल्या. पट्टेवाल्यानं अडवलं तर त्याला बाजूला सारून सरळ साहेबांच्या खोलीत. साहेबांनी नाकाला रुमाल लावला आणि हे काय चाललंय असं विचारलं. मी मागचा कागद काढला आणि एजंटांचं वाक्य त्यांच्या सहीसकट त्यांच्यापुढे ठेवलं. एजंटांनी चष्मा लावून वाचलं. "हा, हे मी बोलला," ते म्हणाले. "बोलला तर बोलला. विचारा." वही त्यांनी स्वतःच्या हाताखाली उलटी घालून ठेवली.

"त्या दुपारी काय दिसलं?" साहेबांनी विचारलं.

"सोंडा दिसल्या," मावशी म्हणाली. "पान्याला टेकलेल्या. चार."

मी टाइप करायची थांबले. साहेबांचा रुमाल खाली आला. "चार! वहीत तीन आहेत. जुळत नाही. संपलं."

"कोन बोलला तीन?" मावशी उसळली. "चार! मी काय आंधली? ह्या दोघींना इचारा!" दोघी एकदम म्हणाल्या, चार.

हे इतका वेळ खाली बघत होते. आता हळूच म्हणाले, "चौथी कुठे होती, बाई?"

"कुलाब्याच्या टोकाशी, पार खाली. बाकीच्या तीन इकडं, समोर."

"टोकाच्या आड. मी मरीन ड्राइव्हला होतो, तिथून दिसणार नाही." मग त्यांनी विचारलं, "समोरच्या तिघींतली आधी कुठली तुटली?"

"मधली. मग डाव्या हाताची. उजव्या हाताची लई येळ राह्यली, पार वाकडी झाली."

एजंटांनी वही सुलटी केली आणि पान काढलं. बोटानं एकेक ओळ वाचली. मोठ्यानं वाचलं नाही, पण ओठ हलत होते. मग त्यांनी वही ह्यांच्यापुढे सरकवली. "बरोबर आहे. मधलीच. चल, लिही चार. तीन बायका सांगते, सही करते, मी पण सही करते. पक्के चार."

त्या खोलीत त्या क्षणी त्यांना चौथी सोंड फुकट मिळत होती. साक्षीदार एक सोडून तीन. नोकरीही त्याच शब्दावर अडलेली. त्यांनी पेन काढलं, टोपण उघडलं, आणि तीनच्या पेन्सिलीवरून सावकाश शाई फिरवली. टोपण लावलं.

"चौथी?" एजंट म्हणाले.

"मी पाहिली नाही."

"अरे, पण ह्या लोकांनी पाहिली ना!"

"मग ती ह्यांची आहे."

"आमची चौथी खोटी काय?" मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली.

"खरी आहे, बाई. तुमच्याकडे वही असती तर मी सही केली असती, की तुम्ही सांगितलेल्या बाकीच्या तीन जुळल्या. पण माझ्या वहीत मला न दिसलेलं येत नाही."

एजंट खुर्चीत मागे टेकले. मग साहेबांना म्हणाले, "हा माणूस नाही दिसलं तर घेत नाही. समोर ठेवला तरी नाही घेत. मग दिसलेलं बारा बोचकं हा सोडेल? माझा क्लार्क तर पळाला होता." त्यांनी जहाजाचा कागद ओढला, बाराशे खोडून अकराशे अठ्ठ्याऐंशी केलं आणि सही ठोकली. बारा बोचकी त्यांच्याच अंगावर आली होती.

मावशीला ह्यातलं निम्मंच कळलं, पण जिंकलो एवढं कळलं. तिनं तिथल्या तिथे टोपली उघडली. एजंटांनी पापलेटं घेतली, पट्टेवाल्यानं बोंबील घेतले, आणि दहा मिनिटांत सगळ्या मजल्यावर बातमी आणि वास दोन्ही पोचलं. लोक टेबलं सोडून बाहेर आले. कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. हे दारात उभे होते, कोटाची बटणं लावत, आणि मान ताठ. मला म्हणाले, "टायपिस्टबाई, सतरा." त्यांचा आवाज एवढा मोठा मी मोर्च्यातही ऐकला नव्हता.

माझं काम अजून बाकी होतं. चौकशीचा निकाल टाइप करायचा होता: मोजणी निर्दोष, चूक जहाजाच्या बाजूची, खाली साहेबांची सही. अशा कागदाच्या एरवी दोन प्रती निघतात. गोदीतल्या बाकीच्या कंपन्यांनाही एकेक जावी म्हणून मी पाच कार्बन घालून सहा काढल्या, आणि कार्बन न काढताच गठ्ठा साहेबांपुढे ठेवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी घड्याळाकडे पाहिलं. शेवटच्या प्रतीवर माझी अक्षरं फिकी आली होती. सही मात्र त्यांनी इतक्या रागानं दाबून केली की ती सहाव्या कागदापर्यंत स्वच्छ उमटली.